महार वतन जमिनी : आपल्या संस्थांनी काय सांभाळायचे?

खराडीतून मुळा-मुठा ओलांडली की मुंढवा. तिथल्या मूळच्या महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये राज्यभर गाजला. आपल्यापैकी बहुतेकांना तो बातम्यांतूनच कळला, हे आम्हाला जास्त खटकते.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले होते. वतने गेली १९५८ च्या कायद्याने. जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसला, तर जुने फेरफार काढून शर्त कशाची आहे ते पाहावे.

मोर्चा एका दिवसाचा. फेरफार वर्षभर पडतच असतात. नोटिशीनंतर १५ दिवसांत हरकत घेता येते, म्हणून वस्तीतल्या संस्थेने गटनंबरांची वही ठेवावी. वारसनोंदी रखडलेल्या घरातच कुलमुखत्यारपत्र घेऊन दलाल शिरतो. आधी त्या नोंदी पूर्ण करून द्याव्यात.

विहाराची जागा नोंदणीकृत न्यासाच्या नावावर असेल, तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यातील कलम ३६ मुळे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना तिची विक्री होत नाही. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो (आम्ही धरून) सगळेच विसरतो, आणि वाद झाला की जागेसाठी कोण उभे राहणार, तेच ठरत नाही.