शून्य पाऊस की बंद पडलेले यंत्र?
जलमापनाचे जाळे विस्तारताना उपकरणांच्या हुशारीइतकीच देखभालही निर्णायक

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते. मात्र या दोन ठिकाणांच्या मधल्या शहरात, विशेषतः मिठी नदीच्या पाणलोटात, दर तासाला किती पाऊस कोसळत आहे हे तत्काळ सांगणारे पुरेसे दाट जाळे त्या दिवशी उपलब्ध नव्हते.

पाण्याची नोंद साधारणपणे दोन कारणांनी अपुरी पडते. एक तर मापन केंद्रे विरळ असतात, किंवा दोन नोंदींमधील काळ फार मोठा असतो. स्वयंचलित उपकरणांमुळे या दोन्ही उणिवा भरून काढणे आता शक्य झाले आहे. परंतु त्यातूनच तिसरा आणि अधिक अवघड प्रश्न पुढे आला आहे. यंत्राने पाठविलेल्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

पाऊस : मोजपट्टीकडून कलंडत्या वाटीकडे

पारंपरिक पर्जन्यमापकात साठलेले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजले जाते. स्वयंचलित पर्जन्यमापकात एक छोटी दुहेरी वाटी असते. ठरावीक पाऊस साठला की ती कलंडते, तो झोका मोजला जातो आणि मोबाइल जाळ्यातून केंद्राकडे जातो. मुंबई महापालिकेने २००६ पासून अग्निशमन केंद्रांच्या छतांवर व अन्यत्र अशी यंत्रे बसविली. त्यामुळे दर पंधरा मिनिटांची नोंद मिळू लागली.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या 'महावेध' प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळ स्तरावर उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवर ठरते. एका मंडळात अनेक गावे असतात. साहजिकच त्या एका यंत्राचा आकडा शेकडो शेतकऱ्यांच्या पदरात काय पडणार हे ठरवितो.

नदी : फुटाफुटाचा हिशेब

सांगलीकरांना आयर्विन पुलाजवळील पाणीपातळी तोंडपाठ असते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेने येथे ५७ फुटांची मर्यादाही ओलांडली. अशा वेळी पुलावरील पट्टी वाचण्याइतकेच वरच्या धरणांतून किती विसर्ग सुरू आहे, मधल्या उपनद्यांना किती पाणी आले आहे आणि ते किती तासांत पोहोचेल, हे कळणे महत्त्वाचे असते.

त्यासाठी जागतिक बँकेच्या साह्याने २००६ ते २०१४ या काळात राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा खोऱ्यांत तत्काळ माहिती देणारी यंत्रणा उभारण्यात आली. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाने हे काम देशभर नेले. पुलाखाली टांगलेला रडार संवेदक पाण्याला स्पर्श न करता पातळी मोजतो. त्यामुळे पुरात वाहून येणाऱ्या ओंडक्यांचा त्याला धोका कमी असतो.

विहीर : वर्षातून चार की चौदाशे?

भूजलाची स्थिती आणखी वेगळी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी परंपरेने वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, मोजत आली आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे एका विहिरीला पाणी असताना शेजारची कोरडी पडू शकते आणि पातळीही झपाट्याने उतरते.

विंधन विहिरीत सोडलेला स्वयंचलित पातळी नोंदक पाण्याच्या दाबावरून पातळी काढतो. दर सहा तासांनी नोंद घेतली तरी वर्षाला १,४६० आकडे मिळतात. पाणी कोणत्या आठवड्यात खाली जाऊ लागले हे त्यातून दिसते. टँकरची मागणी येण्यापूर्वी उपसा आवरण्याचा विचार त्यामुळे करता येतो. डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गावपातळीवरील अशा मोजणीला स्थान देण्यात आले.

हुशार उपकरण कोणते?

या सर्व यंत्रांचा एक समान दोष आहे. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाने किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली, तर वाटी कलंडत नाही. केंद्राकडे मात्र नोंद जाते : पाऊस शून्य. कोरडा दिवस आणि तुंबलेले यंत्र यांचा आकडा एकच असतो. माणूस गैरहजर राहिला तर नोंदवहीतील रकाना निदान रिकामा राहतो. यंत्र तो रकाना चुकीच्या आकड्याने भरून टाकते.

म्हणूनच खऱ्या अर्थाने हुशार उपकरण ते, जे स्वतःच्या बिघाडाची कबुली देते. बॅटरीचा दाब कळविणे, एकाच जागी दोन संवेदक ठेवून त्यांची तुलना करणे, शेजारच्या केंद्रांशी आकडा ताडून पाहणे आणि संशयास्पद नोंदीवर खूण करणे या गोष्टी आज शक्य आहेत. पाण्याच्या गुणवत्तेबाबत ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. आम्लता किंवा गढूळपणा मोजणाऱ्या संवेदकावर शेवाळ साचते. ते वारंवार स्वच्छ करून प्रमाणित द्रावणाशी जुळवून घ्यावे लागतात. जिवाणूंच्या तपासणीला तर आजही मुख्यतः प्रयोगशाळेचाच आधार आहे.

पुढची दिशा

उपकरणे स्वस्त होत आहेत, त्यांना वीज कमी लागते आणि सौरपट्टीवर ती दुर्गम भागातही चालतात. त्यामुळे जाळे वाढणार यात शंका नाही. मात्र यंत्राची खरेदी एकदाच होते, देखभाल कायमची असते. निविदेत उपकरणांच्या संख्येबरोबरच वर्षभरात किती टक्के नोंदी विश्वासार्ह मिळाल्या, ही अटही असायला हवी. प्रत्येक केंद्राची शेवटची तपासणी केव्हा झाली हे नागरिकांना पाहता यावे. काही ठिकाणी हाताने घेतलेली नोंदही पडताळणीसाठी सुरू ठेवावी.

नगर जिल्ह्यातील हिवरेबाजारने पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत रुजविली. तेथे मोजणी साधी होती. पण तिच्यावर गावाचा विश्वास होता आणि त्या आकड्यानुसार निर्णय होत होते. नव्या यंत्रांनाही अखेर याच कसोटीला उतरावे लागेल.