चुकलेली नदी

मध्यंतरी माझी नात माझ्याशी तीन दिवस धड बोलत नव्हती. चूक माझीच होती, पण ती नेमकी काय होती हे कळायला मला पार स्टीव्हन्सनपर्यंत जावं लागलं. म्हणून हा लेख.

तर झालं असं. नात चौदा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला आली ती काखेत एक गुंडाळी घेऊन. उघडली तर नकाशा! चार ड्रॉइंग पेपर चिकटपट्टीने जोडलेले, त्यावर डोंगर, जंगलं, किल्ले, एक वाळवंट आणि दोन बाजूंना दोन समुद्र. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकीने एक जग रचायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. आपल्या माणसाने काय केलं ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशांवर ठरतं. आमच्यात जग रचणारी ही.

"आज्जी, तू भूगोल शिकवायचीस ना? मग हा जरा सुधारून दे ना."

तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला असं सांगू नये. त्याच रात्री ट्रेसिंग पेपर, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसले.

पहिली गोष्ट अंतरांची. राजधानीपासून बंदर वीतभर लांब, आणि फौज एका दिवसात पोचते म्हणे. आपल्याकडे पूर्वी अंतर मजलांत मोजत, हे तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. माणूस पायी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालतो, सामानसुमान असेल तर त्याहून कमी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण पालखीला मुक्काम धरून अठरा-वीस दिवस लागतात. तेव्हा आधी नकाशावर एक मजल म्हणजे किती बोटं ते ठरव, मग फौजा हलव. हे तिला पटलं.

दुसरी गोष्ट वाळवंटाची. ते तिने जागा उरली तिथे काढलं होतं. ते मी डोंगराच्या पलीकडे, पावसाचे वारे अडतात त्या बाजूला नेलं. याला उदाहरण शोधायला लांब जायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आमच्याच जिल्ह्यातल्या दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. हेही पटलं.

तिसरी गोष्ट नदीची. पूर्वेच्या समुद्रातून निघून, मधला डोंगर ओलांडून, थेट पश्चिमेच्या समुद्राला मिळणारी एक जाडजूड निळी नदी होती. आता पाणी काही डोंगर चढत नाही. महाबळेश्वरच्याच डोंगरात कृष्णाही उगम पावते आणि सावित्रीही. सावित्री शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटला अरबी समुद्र गाठते, कृष्णा चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगरमाथा एक, पण नद्या दोन. म्हणून मी ती नदी खोडली आणि तिथे दोन नद्या काढल्या, एक इकडे, एक तिकडे. ट्रेसिंग पेपरवर नुसती सोडून दिली असती तर एक वेळ चाललं असतं. मी मूळ कागदावरही खोडरबर चालवला, म्हणजे तिला पुढे घोटाळा नको!

सकाळी तिने दोन्ही कागद पाहिले. मजला आणि वाळवंट ऐकून घेतलं. नदीपाशी आल्यावर "छान आहे" म्हणाली, गुंडाळी केली आणि आत निघून गेली. त्यानंतर तीन दिवस मोजून मापून बोलणं.

शेवटी लेकीने फोनवर उलगडा केला. ती नदी नातीने काढलेलीच नव्हती. चौघींपैकी एकीच्या बाबांची जूनमध्ये नागपूरला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी चौघी शेवटच्या एकत्र बसून खेळल्या. त्या मुलीचं पात्र नावाड्याचं. तिने निळा स्केचपेन घेतला आणि 'माझ्या नावेला दोन्ही समुद्रांत जाता आलं पाहिजे' म्हणून ती नदी ओढली. आता त्या फोनवरून खेळतात, पण कागदावर त्या मुलीच्या हातची तेवढी एकच खूण होती.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा स्टीव्हन्सन आठवला.

'ट्रेझर आयलंड'चा जन्म नकाशातून झाला, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. १८८१चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर पाऊस. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याचा तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड घरात अडकलेले. रंगांशी खेळता खेळता एका बेटाचा नकाशा तयार झाला. तो पाहता पाहता स्टीव्हन्सनला त्या झाडीत माणसं दिसू लागली आणि गोष्ट सुरू झाली. पुढे १८८३मध्ये पुस्तक निघायचं ठरलं तेव्हा तो नकाशा प्रकाशकाकडे पाठवला, आणि तो हरवला.

दुसरा काढणं आलं. मग त्याने स्वतःचंच पुस्तक चाळून जागांचे, दिशांचे, अंतरांचे सगळे उल्लेख टिपले आणि कंपास घेऊन त्या हिशेबात बसेल असा नवा नकाशा केला. तो वडिलांच्या कचेरीत नीट काढून घेतला. वडील थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारे नामवंत इंजिनिअर, म्हणजे नकाशांचं काम घरचंच. त्यांनी हौसेने कॅप्टन फ्लिंटची खोटी सहीसुद्धा ठोकून दिली! नकाशा पहिल्यापेक्षा नेटका आणि पुस्तकाशी तंतोतंत जुळणारा झाला. पण १८९४मध्ये आपल्या या पहिल्या पुस्तकाविषयी लिहिताना स्टीव्हन्सनने कबूल केलं, की हा दुसरा नकाशा आपल्याला कधीच खरा ट्रेझर आयलंड वाटला नाही. गंमत म्हणजे त्याच लेखात तो इतर लेखकांना बजावतो, की आपल्या गोष्टीतला मुलूख, अंतरं आणि दिशा पक्क्या ठाऊक असू द्या. म्हणजे तो अचूकपणाच्या विरुद्ध मुळीच नव्हता. हरवलेल्या कागदात मात्र त्या पावसाळी दिवसांचा मुलगा होता, आणि तो कंपासने परत आणता येत नव्हता.

मग हट्टाला पेटून नातीच्या या खेळाचे नकाशेही धुंडाळले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४मध्ये अमेरिकेत छापला, तेव्हा जंगल-डोंगरातल्या प्रवासासाठी चक्क दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा षटकोनी घरांचा पट वापरा असं सुचवलं होतं. १९८०मध्ये गायगॅक्सचं 'ग्रेहॉक'चं जग छापायचं ठरलं तेव्हा त्याने त्यासाठी नवा नकाशा केला आणि डार्लीन नावाच्या चित्रकर्तीने तो सुंदर काढला. कॅनडातल्या एड ग्रीनवुडने लहानपणापासून रचलेलं 'फरगॉटन रेल्म्स' १९८७मध्ये आलं, तेव्हा त्यातल्या त्याच्या बेटांच्या जागी डग्लस नाइल्स या दुसऱ्या लेखकाची मूनशे बेटं बसवली गेली. टॉल्किनच्या तिसऱ्या खंडासाठी १९५५मध्ये मुलगा ख्रिस्तोफरने अख्खा दिवस आणि रात्र बसून नकाशा काढला, आणि पंचवीस वर्षांनी, १९८०मध्ये, 'अनफिनिश्ड टेल्स'साठी मोठा नकाशा पुन्हा नव्याने काढला. थोडक्यात, असे नकाशे सुधारतच असतात, आणि त्यांत दुसऱ्याचे हातही येतात. माझा हात आला याचं वाईट नव्हतं. मी विचारलं नाही, याचं होतं. वर्गात मुलांच्या वहीतली चूक खोडण्यापूर्वी 'हे असं का काढलंस?' असं मी किती वेळा विचारलं असेल? आठवून पाहिलं. फार वेळा नाही.

सकाळी नातीची माफी मागितली. "आज्जी, तू बरोबरच होतीस, नदी अशी नसतेच," ती म्हणाली, आणि ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. मग आम्ही दोघी चहा-पोळी घेऊन बसलो आणि ती नदी कशी असू शकेल ते शोधलं. दक्षिण अमेरिकेत कासिकियारे नावाची नदी आहे. ती ओरिनोकोमधून फुटून निघते आणि रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला जाऊन मिळते. हम्बोल्टने १८००मध्ये तिच्यातून प्रवास केला होता. पण तिथे मध्ये डोंगर नाही, हे मीच (सवयीने) सांगितलं. मग पनामा कालवा काढला. १९१४पासून तिथे जहाजं पाण्याच्या दरवाजांतून पायरी पायरीने सव्वीस मीटर वर चढतात, गाटुनचा तलाव ओलांडतात आणि पलीकडे उतरतात.

नातीचे डोळे चमकले. "म्हणजे ती नदी नाहीच! कुणीतरी खणलीय! पण कुणी?"

ते तिचं तिने ठरवलं. बुटक्यांनी तीनशे वर्षं खणलेला कालवा, चौदा दरवाजे, प्रत्येक दरवाजावर एक जकातदार. जी चूक होती तिला आता इतिहास आला, आणि अख्ख्या नकाशात सगळ्यात जिवंत जागा तीच झाली.

मूळ कागदावर खोडलेल्या नदीची निळसर सावली अजून दिसते. ती काही मला भरून काढता आली नाही. नव्या नकाशावर मजला आहेत, वाळवंट योग्य जागी आहे, आणि डोंगराच्या मध्ये एक पट्टा कोरा ठेवलाय. गेल्या सोमवारी तो कागद कुरिअरने नागपूरला पाठवला, सोबत एक निळा स्केचपेन घालून.

परत आला की फोटो टाकते.