गर्भांतील दुष्काळ

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबा हें गांव आणि त्याच नांवाचा तलाव आहे. तलावाच्या कांठीं पहांटे लगबगीनें चालणाऱ्यांपैकीं कित्येकांस डॉक्टरांनीं मधुमेहाच्या किंवा हृद्रोगाच्या भयानें चालावयास सांगितलेलें असतें. त्यांचे पणजोबा दिवसभर शेतांत राबत. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीच्या आरंभींच १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. संस्थानानें स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं, तेव्हां पुष्कळांच्या चुली पेटल्या. त्या भुकेचा आणि आजच्या रोगाचा कांहीं संबंध असेल काय?

अमेरिकेंतील जेम्स नील यांनीं १९६२ सालीं असा संबंध जोडला. अन्नाचा सांठा काटकसरीनें करणारीं जनुकें ज्यांच्या अंगीं होतीं, ते दुष्काळांतून तरले. पुढें अन्नाची रेलचेल होतांच तीच काटकसर त्यांस बाधली, असें त्यांचें म्हणणें. कल्पना मोठी आकर्षक, पण तें काटकसरी जनुक बोट ठेवून कोणास दाखवितां आलें नाहीं. ‘आमच्या घराण्यांतच आहे’ असें म्हणून स्वस्थ बसण्यास मात्र एक शास्त्रीय निमित्त मिळालें! अलीकडे जनुकें तपासून आहार नेमून देण्याचीही प्रथा निघाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठानें ६०९ माणसांस वर्षभर कमी स्निग्धाचा किंवा कमी पिष्टाचा आहार देऊन पाहिला. कोणाचें वजन कोणत्या आहारानें अधिक उतरेल, हें तपासलेल्या जनुकांवरून सांगतां आलें नाहीं, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें.

दुसरी वाट इंग्लंडांत सांपडली. हर्टफर्डशायर परगण्यांत १९११ पासून सुइणींनीं बाळांचीं वजनें वह्यांत टिपून ठेविलीं होतीं. तीं चाळून डेव्हिड बार्कर यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं, जन्मतः हलक्या असलेल्या पुरुषांत हृद्रोगाचे मृत्यु अधिक होते. म्हणजे वंशाइतकाच गर्भवासही महत्त्वाचा ठरला.

हा धागा महाराष्ट्रांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं उचलला. १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनीं गर्भवतींची पाहणी आरंभिली. तेथील बाळांचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलो भरलें. पुणेरी बाळांचे स्नायू व पोटांतील अवयव बरेच लहान होते. कातडीखालचा मेद मात्र त्या मानानें फारसा घटला नव्हता. दिसावयास हडकुळें, आंतून मेदाळ! मोठेपणींही हा भेद राहतो, हें २००४ सालीं याज्ञिकांनीं स्वतःच्याच देहावर दाखविलें. त्यांचा व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण मेद युडकिनांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांत २१.२ टक्के. युडकिन मॅरॅथॉन धावणारे. आपण मात्र इस्पितळाची लिफ्ट गांठण्यापुरतेच धावतों, अशी प्रांजळ पुस्तीही याज्ञिकांनीं जोडली होती.

त्या खेड्यांत एक गोष्ट अनपेक्षित निघाली. मातेनें भाकरी किती खाल्ली, यापेक्षां दूध, पालेभाजी व फळें तिच्या ताटांत किती वेळां आलीं, याचा बाळाच्या वजनाशीं अधिक संबंध दिसला. दोन-तृतीयांश मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व अपुरें होतें. फॉलिक ॲसिडची उणीव जवळजवळ कोणासच नव्हती. फॉलिक ॲसिड गर्भवतीस हवेंच. परंतु ज्या मातांत तें अधिक व ब-१२ कमी होतें, त्यांचीं मुलें सहा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांच्या शरिरांत इन्शुलिनास सर्वांत जास्त विरोध आढळला. आणि ब-१२ दूध, अंडीं, मासे व मांस यांतूनच मिळतें. कोल्हापुरांत गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचें धारोष्ण दूध पिण्याची परंपरा जुनी, पण ती पैलवानांची व पुरुषांची. घरांत सर्वांमागून जेवावयास बसणाऱ्या सुनेच्या वाट्यास किती दूध उरतें, याची नोंद कोणत्याही संस्थानी दप्तरांत नाहीं.

त्या सहा खेड्यांतील मुलें वयांत आल्यावर, २०१२ सालीं, त्यांस रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलींनीं तें पहिल्या बाळंतपणापर्यंत घ्यावयाचें होतें.