सटवाईची लेखणी

आमच्या निडीत मूल जन्मले की सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते, अशी समजूत. माझ्या मुलीच्या वेळी पाट मांडताना शेजारच्या एक आजी बोलून गेल्या, "पोट फाडून काढलेलं पोर, त्यात कसली ताकद!" पुढे मुलीला दमा जडला आणि ते शब्द पत्नीच्या मनात काट्यासारखे रुतले.

वाचकहो, मी शाळामास्तर. तिची समजूत घालण्यासाठी इतिहासाची पाने उलटू लागलो.

पूर्वी नाळ विळ्याने कापीत. त्यातून धनुर्वात होई आणि मूल पहिल्या एकदोन आठवड्यांतच दगावे. सटवाईची धास्ती उगीच नव्हती! आनंदीबाई जोशींचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले; त्या तेव्हा अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. त्याच साली मुंबईत स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन मात्र २०१५ साली जाहीर झाले.

एक भीती सरली, दुसरी उभी राहिली. सिझेरियनचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांहून अधिक असण्याचे कारण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ सालीच म्हटले होते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात ते २५ टक्क्यांवर गेलेले दिसले. नैसर्गिक प्रसूतीत बाळाला आईच्या जननमार्गातील जंतू मिळतात, शस्त्रक्रियेत त्वचेवरचे, असे २०१० साली व्हेनेझुएलातील बालकांवरून दिसून आले. अशा मुलांत दमा आणि लठ्ठपणा किंचित अधिक आढळतो, हेही खरे. पण फरक थोडा आहे. शस्त्रक्रिया ज्या कारणाने करावी लागली, त्या कारणाचाही त्यात वाटा असू शकतो. एखाद्या मुलाचा दमा त्यामुळेच झाला, असे कोणी सांगू शकत नाही. शिवाय आईचे दूध उपकारक जंतूंना पोसतेच.

हे सारे मी पत्नीला वाचून दाखवले. त्या रात्री बाळाचे ठोके मंदावले होते, म्हणूनच डॉक्टरांनी घाई केली. मी म्हणालो, "विळ्याच्या काळात आपण असतो, तर सहावी पुजायला मूलच नसते."

ती काही बोलली नाही. अंगणात मुलगी लंगडी खेळत होती. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अगं, दमलीस ना? ये, औषध घे आणि मग खेळ."

त्या हाकेत काट्याचा सल नव्हता.