सीमाभागातील घरांची डागडुजी : आधी छत आणि भिंत, मग रंग आणि बाग

बिदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या कर्नाटकातील सीमावर्ती जिल्ह्यांत, विशेषतः औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांत, मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग मुंबई राज्याकडे आले आणि बिदर शहरासह मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमारेषा नवी आखली गेली, तरी घर बांधण्याची रीत दोन्ही बाजूंस तीच राहिली : अनघड दगडांच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया आणि वर मातीचे सपाट छत, म्हणजेच माळवद.

गोव्यातील वाचकाला चिऱ्याचे घर आणि उतरते कौलारू छप्पर परिचित आहे. तेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. छपराचे पहिले काम पाणी झटकण्याचे. बिदर-कलबुर्गीकडे पाऊस त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आणि उन्हाळा चाळीस अंशांच्या पलीकडचा. म्हणून तेथे उष्णता अडविणारे जाड छत रूढ झाले. ते घर उन्हाळ्यात थंड राहते, हा त्याचा मोठा गुण. त्याचा दोष मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सर्वांसमोर आला. किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले, ते मुख्यतः स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. अनंत चतुर्दशीची रात्र संपत असताना माणसे झोपेत होती आणि वरचे मातीचे ओझे फुगलेल्या भिंतींसह खाली आले. लातूर-उस्मानाबादमधील ती गावे आणि सीमेअलीकडील बसवकल्याण-आळंदची गावे यांच्या बांधणीत फारसा फरक नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर परिसराला धक्के जाणवले, तेव्हा गावकऱ्यांनी घराबाहेर रात्री काढल्या.

या भागात जुन्या घरावर खर्च करावयाचा असेल, तर त्याचा क्रम या अनुभवावरून ठरतो. छताचे वजन आणि गळती प्रथम, भिंतीची मजबुती नंतर, मग पायाभोवतीचे पाणी आणि सर्वांत शेवटी फरशी, रंग व बाग.

माळवद : दरवर्षी भर घालण्याची सवय

माळवद गळू लागले की त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची प्रथा आहे. जुना थर न काढता दर दोन-चार वर्षांनी नवा चढत जातो आणि दोन-तीन पिढ्यांत छताची जाडी हातभर किंवा त्याहून अधिक होते. याचा हिशेब सोपा आहे. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीवर ६० सेंटिमीटर माती असेल, तर ती सुमारे सात घनमीटर भरते आणि कोरडी असतानाही तिचे वजन अकरा टनांच्या आसपास जाते. पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. हीच माती २० सेंटिमीटरपर्यंत कमी केली, तर वजन चार टनांच्या आत येते.

काम उन्हाळ्यात करावे. प्रथम तुळयांना खालून टेकू द्यावेत. माती एका बाजूने उकरत न जाता संपूर्ण छतावरून सारख्या थरांनी उतरवावी. एकीकडचे ओझे अचानक हलके झाले तर भिंत झुकण्याचा धोका असतो. माती निघाल्यावर तुळयांची भिंतीत गेलेली टोके तपासावीत. वाळवी आणि कूज तेथेच सुरू होते, कारण तेथे ओल टिकते आणि वारा लागत नाही. टोचणीने लाकूड सहज टोचले जात असेल, तर ती तुळई बदलावी. नव्याने माती घालताना मध्ये जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरावा, म्हणजे कमी जाडीतही गळती थांबते. छताला पन्हाळीकडे स्पष्ट उतार असावा आणि पन्हाळीचे तोंड भिंतीपासून किमान हातभर पुढे काढावे. पन्हाळीतून भिंतीवर ओघळणारे पाणी हे भिंत फुगण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

माळवद काढून पत्रे घालण्याकडे आता कल आहे. त्याने वजन निश्चित घटते, परंतु उन्हाळ्यात घर तापते. पत्रा घालावयाचाच असेल, तर खाली हवा खेळण्यास जागा सोडून बांबूचे किंवा फळ्यांचे आतले छत करावे. सिमेंटचा स्लॅब मात्र जुन्या मातीच्या भिंतींवर कधीही टाकू नये. त्याचे वजन पेलण्यासाठी त्या भिंती बांधलेल्याच नसतात.

भिंत : दोन पदर एकत्र बांधणे

जुनी दगडी भिंत बाहेरून जाड दिसते, पण बहुधा ती दोन स्वतंत्र पदरांची असते. मधली पोकळी खडी-मातीने भरलेली असते. पाणी आत शिरले की माती वाहून जाते, दोन्ही पदर सुटतात आणि भिंतीला पोट येते. ओळंबा लावून हा फुगवटा तपासता येतो. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, कोपऱ्यात उभी भेग पडणे, दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाणे, ही इतर लक्षणे होत. अशा भिंतीवर केवळ गिलावा करणे म्हणजे दोष झाकणे.

नवी भिंत बांधताना जाडी ४५० मिलिमीटरहून अधिक नसावी, मजल्याची उंची तीन मीटरच्या आत असावी आणि उंचीत दर ६०० मिलिमीटरवर, लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतराने भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवावेत. एवढे लांब दगड मिळत नसतील, तर तीन चतुर्थांश जाडीचे दोन दगड एकमेकांवर चढवून बसवावेत. दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर घराभोवती अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालावा. भूकंपात चारही भिंती एकत्र धरून ठेवण्याचे काम हा पट्टा करतो. दार-खिडक्या कोपऱ्याला लागून घेऊ नयेत.

उभ्या असलेल्या भिंतीतही हा उपाय करता येतो. ठरावीक अंतराने दगड हलकेच सैल करून आरपार भोक पाडावे, त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे. एका वेळी एकाच ठिकाणी काम करावे, घाव जोराचे घालू नयेत आणि आधी छताला टेकू द्यावेत. फुगवटा मोठा असेल, तर तो भाग उतरवून पुन्हा बांधणे हाच मार्ग. अशा कामाला जाणता गवंडी आणि शक्य तर अभियंत्याचा सल्ला आवश्यक आहे.

दगडांच्या दर्जा भरण्यासाठी मातीच्या बांधकामात चुना अधिक योग्य ठरतो. सिमेंटचा कडक गिलावा मातीला नीट धरत नाही आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही. काही वर्षांत तो पापुद्र्यासारखा सुटतो.

दोन माती, दोन नियम

बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे, ते जांभ्याचे आहे. गोव्यातील चिरा याच कुळातील. खाणीतून काढताना मऊ आणि हवेत राहून कठीण होणारा हा दगड बिदरच्या किल्ल्यात आणि जुन्या घरांत सर्वत्र दिसतो. पठाराच्या खाली भालकी, औराद, आळंदकडे काळी माती पसरलेली आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षानुवर्षांच्या या हालचालीने जोते उचलले जाते, फरशी उखडते आणि भिंतीला चिरा पडतात.

काळ्या मातीत घर असेल, तर पायाजवळची ओल वर्षभर सारखी राखणे हे मुख्य सूत्र. घराभोवती सुमारे एक मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतार असलेला फरसबंद पट्टा करावा. न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी बंद नळीने दूर न्यावे. नवा पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत न्यावा आणि जोत्यात भर मुरमाची घालावी. खोदून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नये. पावसाचे पाणी जिरविण्याचा खड्डा येथे घराला चिकटून घेऊ नये.

जांभ्याच्या पठारावर नियम वेगळा आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी झिरपून खालच्या घट्ट थरापर्यंत जाते व तेथून झऱ्यांच्या रूपाने वाहते. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, बिदरला याच गुणाचा उपयोग करून जमिनीखालून पाणी वाहून नेणारे बोगदे खोदले गेले. नौबाद येथील करेझ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या पठारावर जिरवण खड्डा खऱ्या अर्थाने विहिरीला पाणी देतो. पण जो दगड पावसाचे पाणी झिरपू देतो, तोच सांडपाणीही झिरपू देतो. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगास हवा.

छताच्या पाण्याचा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे : एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सत्तर हजार लिटर होतात. सर्व हाती येत नाही, तरी चार-पाच झाडे आणि एक विहीर जगविण्यास ते पुरते. पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यावे. माळवदाचे गढूळ पाणी टाकीत न घेता बागेकडे वळवावे.

शहाबादी फरशी

कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावाचे नाव फरशीमुळे महाराष्ट्रात आणि गोव्यातही घराघरांत पोहोचले आहे. शहाबाद, चित्तापूर, सेडम या पट्ट्यातील हा चुनखडीचा दगड पातळ थरांत निघतो. तेथे फरशीबरोबर कुंपणालाही तोच उभा केलेला आढळतो. आत बसविताना खालची भर नीट ठोकून घ्यावी, फरशीखाली पोकळी राहू देऊ नये. पोकळीवरची फरशी जड वस्तू पडताच तडकते. अंगणात व न्हाणीत गुळगुळीत केलेली फरशी टाळून खडबडीत घ्यावी. चुनखडी असल्याने तिला आम्लाचे वावडे आहे. लिंबू, चिंच सांडली तर लगेच पुसावी आणि न्हाणीघर धुण्यासाठी अ‍ॅसिड वापरू नये; त्याने चकाकी जाऊन पृष्ठभाग खडबडीत व डागाळलेला होतो.

अंगण आणि झाडे

कडुनिंब, करंज, चिंच ही या हवेत टिकणारी सावलीची झाडे. ती पश्चिमेच्या अंगास लावल्यास दुपारच्या उन्हापासून भिंत वाचते. काळ्या मातीत मात्र मोठे झाड घरापासून निदान त्याच्या पूर्ण वाढलेल्या उंचीइतके दूर असावे. मुळे पायाखालचे पाणी ओढून घेतात आणि माती एका बाजूने आकसते. घराजवळ शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, जास्वंद अशी लहान झाडे पुरेशी. भिंतीच्या फटीत किंवा माळवदावर उगवलेला पिंपळ-वड रोप असतानाच मुळासकट काढावा. खोड बोटभर जाड झाल्यावर तो काढणे म्हणजे दगड हलविणे होय.

जुन्या वास्तूंशेजारी

बिदरचा किल्ला, महमूद गवानचा मदरसा अशा केंद्र संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. तेथील जुन्या घराच्या दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते. गवंडी ठरविण्याआधी ही चौकशी करणे हिताचे.

वर्षाचे वेळापत्रक

मार्च ते मे या काळात छत उतरविणे, भिंतीची दुरुस्ती आणि चुनकाम करावे. मृगापूर्वी पन्हाळी, गटारे व जिरवण खड्डा साफ करावा. पहिल्या मोठ्या पावसात घराभोवती एक फेरी मारून पाणी कोठे साचते, भिंतीवर कोठे ओघळते ते खडूने खुणावून ठेवावे. पुढील वर्षीच्या कामाची यादी त्या खुणांतून तयार होते. झाडे आषाढात लावावीत. रंग दिवाळीपूर्वी, भिंती पूर्ण वाळल्यावर द्यावा.

सणापूर्वी रंग काढणे सोपे असते आणि पाहुण्यांच्या नजरेत तो भरतो. माळवदावरून उतरविलेली चार गाड्या माती कोणाला दिसत नाही. मात्र त्या छताखाली रात्री मुले झोपणार असतात, म्हणून या भागातील घरधन्याने पहिला पैसा तेथेच घालावा.