काळी जमीन धुळ्यालाही होती

खानदेशात कापूस पिकतो म्हणून जळगावला जिनं निघाली, हे उत्तर अर्धंच आहे. काळी जमीन धुळ्यालाही होती. शिवाय इंग्रजी अमलाच्या आरंभीच कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं तिथे केलं होतं आणि मुंबई-आग्रा रस्ताही तिथूनच जायचा. तरीही कापसाची मोठी पेठ जळगावला उभी राहिली, ती १८६० नंतर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथले भाव चढले आणि त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे जळगावावरून भुसावळकडे गेली. सुटा कापूस फार जागा खातो. घट्ट गाठी बांधल्या तरच आगगाडीचं भाडं परवडतं. म्हणून प्रेस स्टेशनाजवळ, प्रेसजवळ जिन आणि जिनातून निघालेल्या सरकीमागे तेलाच्या गिरण्या. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो १९०० मध्ये. तोवर दलाल, अडते, हमाल यांची घडी जळगावात बसून गेली होती.

यावर कुणी विचारेल, रेल्वेच कारण असेल तर भुसावळ का नाही? ते तर मोठं जंक्शन. आक्षेप रास्त आहे आणि त्यानेच मुद्दा नेमका होतो. भुसावळ वाढलं ते रेल्वेच्या कामावर, तिच्या नोकरदारांचं गाव म्हणून. गाडी भरून माल आणलेल्या शेतकऱ्याला मात्र रुळांइतकीच गरज असते ती एकाने भाव पाडला तर दुसऱ्याकडे जाता येण्याची. गिऱ्हाइकं जिथे जमतात तिथेच माल जातो, आणि माल येतो म्हणून गिऱ्हाइकं वाढतात. जळगावच्या डाळ मिलांकडे पाहा: तूर बाहेरच्या जिल्ह्यांतून येते, परदेशातूनही येते, पण भरडणारे हात, यंत्रं दुरुस्त करणारे कारागीर आणि व्यापाऱ्यांची पत इथे आहे. जवळ पिकतं म्हणून उद्योग, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जळगावचा ठिबक सिंचन आणि पाइपांचा उद्योग तर भवरलाल जैन या एका माणसाचं कर्तृत्व. त्यांचं कर्तृत्व निर्विवाद. पण १९६३ मध्ये रॉकेलच्या धंद्यापासून सुरुवात करून पुढे ते शेतीला लागणाऱ्या वस्तूंकडे वळले, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना विकत घेऊन त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन काढलं, मग पाइप, मग ठिबक. यातली प्रत्येक पायरी जळगावच्या शेतकऱ्याच्या बांधावरून जाते. रावेर-यावलच्या केळीला बारमाही पाणी लागतं आणि तिथल्या विहिरी खोल जात होत्या. नळीने मोजून पाणी देण्यासाठी पैसे मोजायला तयार असलेला बागायतदार शेजारीच होता.