चुकण्याची मुभा: स्थापत्य-शिक्षणातील प्रतिकृती, खेळ आणि मिश्र वास्तव

स्थापत्य अभियंत्याची चूक एकदा दगडात किंवा काँक्रीटमध्ये बांधली गेली की तिची किंमत पुष्कळदा इतरांना जिवानिशी मोजावी लागते. म्हणूनच या विद्येच्या अध्यापनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी विद्यार्थ्याला चुकण्याची मुभा देणारी, पण त्या चुकीची झळ समाजाला लागू न देणारी साधने घडवण्याचा इतिहास आहे.

पॅरिसमध्ये १७४७ साली स्थापन झालेल्या 'एकोल दे पाँ ए शोसे' या पूल व रस्त्यांच्या विद्यालयात, पेरोने यांच्या प्रमुखत्वाखाली, पुढे गेलेले विद्यार्थी मागच्यांना शिकवत आणि स्पर्धांसाठी कागदावरचे पूल रेखाटत. पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून १८५४ मध्ये निघालेल्या वर्गाचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १९१६ मध्ये मुंबई इलाख्यात सुरू झालेल्या आणि नंतर खडकवासल्यात स्थिरावलेल्या जलसंशोधन केंद्रात नद्या, बंदरे व सांडवे यांच्या प्रतिकृतींतून, म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या रचनांतून, पाणी खेळवून प्रवाहाचे वर्तन पाहिले जाऊ लागले.

प्रतिकृतीत प्रवाह दिसतो. पण बांधकामावरील वेळ, पैसा, मजूर आणि हवामान यांची ओढाताण दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी हॅल्पिन आणि वुडहेड यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत 'कन्स्ट्रक्टो' हा संगणकाधारित खेळ मांडला. त्यात विद्यार्थी प्रकल्पाचे व्यवस्थापन करी आणि अनिश्चित परिस्थितीत आपल्या निर्णयांचे परिणाम अजमावी.

त्याआधीच आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर धारण करण्याचा दर्शक सादर केला होता, ज्यातून संगणकाने रेखाटलेल्या आकृती भोवतालच्या खोलीतच तरंगताना दिसत. १९९४ मध्ये मिलग्रम आणि किशिनो यांनी खरे जग व संगणकनिर्मित जग यांच्यामधील संपूर्ण पट्ट्याला 'मिश्र वास्तव' ही संज्ञा दिली.

स्थापत्याच्या वर्गात या कल्पनेचे सर्वांत बोधप्रद रूप म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत ऑलिव्हर क्रेलोस यांनी विकसित केलेली वाळूपेटी होय. मुळात खेळांसाठी बनवलेला 'किनेक्ट' कॅमेरा वाळूची उंची मोजतो आणि प्रक्षेपक तिच्यावर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, तत्क्षणी उमटवतो. विद्यार्थ्याने पेटीवर हात धरला की आभासी पाऊस पडतो, त्याचे पाणी गणिती समीकरणांनुसार उतारावरून वाहते, आणि बांध घातला की पाणी कोठे साठते व कोठून ओसंडते हे लगेच कळते. नकाशावर वाचून पाठ केलेली रेषा येथे हाताने घडवता आणि मोडता येते, व त्यामुळे पाणलोट क्षेत्राची, म्हणजे एका प्रवाहाकडे पाणी आणणाऱ्या भूभागाची, संकल्पना पक्की बसते.

तथापि या पेटीतील प्रकाशाचे पाणी वाळूला खणत नाही. म्हणून तिच्यातला बांध आभासी पुरानेही ढासळत नाही. खऱ्या प्रतिकृतीत खरे पाणी तळ खरवडते आणि विद्यार्थ्याचा अंदाज खोटा ठरवू शकते. म्हणून मिश्र वास्तवाने जुन्या साधनांची जागा घ्यावी असे नसून, प्रत्येक साधन कोणती चूक उघड करते आणि कोणती झाकून ठेवते हे विद्यार्थ्याला सांगणे हेच या शिक्षणातील शिक्षकाचे मुख्य कर्तव्य ठरते.